जमालभाईंनी निवडलेले टायर

सौदीतल्या दम्मामच्या सनाइयात टायर घ्यायला येणारा माणूस दुकानाची पाटी वाचत नाही, जमालभाई कुठे बसतात ते विचारतो. सनाइया म्हणजे गॅरेजांची वस्ती. डेंटिंग, पेंटिंग, रेडिएटर, बॅटरी, टायर, सगळी दुकानं एकमेकांना चिकटून, आणि सगळ्यांच्या दारात तेलाने काळी झालेली माती. जमालभाईंच्या दुकानाला लागून स्पेअर पार्टचं दुकान आहे, तिथल्या काउंटरवर मी बसतो. मी चिपळूणचा, ते दापोलीकडच्या खाडीपट्ट्यातले. त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही आणि भांडण व्हायलाही नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या दुकानासमोर ट्रकचे टायर रचून ठेवले आणि मी त्यांना चार शब्द सुनावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि संध्याकाळी घरून तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या. टायर मात्र हलवले नाहीत.

जमालुद्दीन या माणसाला टायरांतलं किती कळतं हे सांगायचं तर पंचाईत होते, कारण सांगताना थापा मारल्यासारखं वाटतं. जुना टायर त्यांच्यासमोर ठेवला की ते त्यावरून तळहात फिरवायचे आणि गाडी कुठल्या बाजूला ओढते, मालक ब्रेक उशिरा दाबतो की कसं, मागे ओझं किती असतं, हे सांगायचे. नव्या टायरवर आधी अंगठा दाबायचे. रबर दबलं की तोंड वाकडं करायचे. इथल्या उन्हाळ्यात डांबर पाघळतं, तिथे मऊ रबराचा काय टिकाव लागणार. 'कडक माल घे, बाबा,' हे ते हिंदीत, अरबीत, मलयाळममध्ये आणि आमच्या कोकणीत सारख्याच ठसक्यात सांगायचे. लोक ऐकायचे. ऐकून कुणाचं वाईट झाल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

त्यांचा खरा हंगाम थंडीचा. आपल्याकडे थंडी पडली की माणसं गोधडीत शिरतात, इथली माणसं वाळवंटात शिरतात. तंबू, गालिचे, कॉफीच्या किटल्या, म्हाताऱ्या आया, तान्ही पोरं असा सगळा बारदाना घेऊन निघतात आणि निघण्याआधी गाडी जमालभाईंच्या दारात उभी करतात. वाळूत जायचं तर टायर रुंद हवा, कडक हवा, त्यावर मोठी मोठी नक्षी हवी. आणि डांबर सोडून वाळूत शिरताना टायरमधली हवा सोडून द्यायची. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि गाडी वाळूत रुतत नाही, वरच्यावर चालते. नवशिका हवा भरून घेतो आणि तासाभरात फावडं हातात घेतो. हे जमालभाई इतक्या वेळा सांगायचे की माझ्यासारख्या गाडी न चालवणाऱ्या माणसालाही ते पाठ झालं होतं.

या वाळूनेच त्यांचं नशीब काढलं होतं. ते नवीन असताना कफीलच्या, म्हणजे त्यांना इथे आणणाऱ्या अरब मालकाच्या, आईला वाळवंटातल्या तंबूत छातीत कळा येऊ लागल्या. मुलांच्या दोन्ही गाड्या वाळूत रुतलेल्या. टायर बदलायला म्हणून सोबत नेलेला हा पोरगेला जमाल पुढे झाला, चारही चाकांची हवा सोडली, म्हातारीला मागे झोपवलं आणि थेट हॉस्पिटलात पोचवलं. म्हातारी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. कफीलने त्या उपकाराची फेड म्हणून जमालभाईंना दुकानाचा मुख्य केलं आणि कुटुंब आणायचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, करून दिला. सनाइयातल्या बाकीच्या कोकण्यांच्या बायका गावाला दिवस मोजायच्या, आणि जमालभाईंची बायको, आमच्या शरफुन्निसाभाभी, मात्र दम्माममध्ये संसार करत होत्या. मुलगा तल्हा इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकला तो त्यामुळेच. घर, बायको, मुलाचं इंग्रजी, सगळं त्या एका दुपारच्या वाळूतून आलेलं.

तल्हाच्या इंग्रजीने मात्र बापाची गोची करून ठेवली. पोरगा गुणी, उलट बोलणारा नव्हे, पण एका वयानंतर तो बापाशी बोलेनासाच झाला. जमालभाई विचारायचे, 'पेपर कसा गेला रे?' तो म्हणायचा, 'फाइन.' कॉलेज कुठलं, विषय कुठला, नोकरी कुठली, हे तो आईला हिंदीत सांगायचा आणि आई मग नवऱ्याला आपल्या बोलीत सांगायची. जमालभाई मला म्हणायचे, 'माझ्याच घरात मला दुभाषा लागतो, हेमू.' हसत म्हणायचे, पण ते हसणं मला कधी आवडलं नाही. तल्हा पनवेलला इंजिनियर झाला, श्रीवर्धनच्या समरीनशी त्याचं लग्न झालं, आणि दोघं कॅनडाला गेली. इथे जन्म काढला तरी इथलं होता येत नाही, हे या पोरांना लहानपणापासून ठाऊक असतं. तिथे एका लहानशा गावात मांसाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. हॉस्पिटल शेजारच्या शहरात, गाडीने चांगलंच लांब. समरीनला दिवस गेले होते आणि बाळंतपण ऐन जानेवारीत येणार होतं. भाभी बाळंतपणाला जाणार होत्या, पण त्यांचा व्हिसा काही येईना.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. माझं कुटुंब चिपळुणात, त्यामुळे शुक्रवारी भाभींच्या हातचं माशाचं तिखलं हा माझा हक्कच झाला होता. तल्हाचा फोन आला. भाभींनी नेहमीप्रमाणे घेतला, दोन वाक्यं बोलल्या आणि जरा गोंधळून फोन नवऱ्यापुढे धरला. 'तुमच्याशी बोलायचं म्हणतोय,' म्हणाल्या.

'अब्बा,' तल्हा म्हणाला, 'टायर का पूछना था.'

जमालभाईंचा हात ताटातच राहिला. काय झालंय ते तल्हाने सांगितलं. पहिला बर्फ पडला होता. त्यांच्या घरापासून मोठ्या रस्त्याला जायला एक चढ आहे, तो त्यांची जुनी गाडी चढत नव्हती. चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी मागे घसरत यायची. जानेवारीत तर बर्फ आणखी वाढणार, आणि त्याच गाडीने समरीनला हॉस्पिटलात न्यायचंय. कुठले टायर घेऊ, असं तो विचारत होता. गाडी घसरतानाचा व्हिडिओही त्याने पाठवला होता. जमालभाईंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, मला दाखवला, भाभींना दाखवला.

'वाळूच ती,' ते म्हणाले. 'फक्त पांढरी नि गार.'

त्या दिवशी त्यांना झालेला आनंद मी सांगू शकत नाही. पोराने विचारलं होतं. आयुष्यभर ज्या कामामुळे नखांखाली काळं राहिलं आणि शाळेच्या कार्यक्रमाला जाताना ज्यामुळे हात खिशात ठेवले, त्याच कामातलं पोराने विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या सनाइयाला बातमी कळली. रेडिएटरवाला पठाण, पेंटिंगवाला मल्लू, कफीलचा मुलगा, सगळ्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. 'माझ्या तल्हानं विचारलान मला, बर्फात कुठला टायर लावू.' मी आपला नेहमीसारखा टोमणा मारला. 'जमालभाई, तुम्ही बर्फ बघितलाय तो फक्त फ्रिजमध्ये.'

'हेमू, पायाखालची जमीन सरकते ना, मग ती कसली का असेना,' ते म्हणाले. 'माणूस पोचवायचाय हॉस्पिटलात. मी पोचवलाय.'

त्यांनी पोचवलाच होता.

पुढच्या शुक्रवारी तल्हा तिथल्या टायरच्या दुकानातून व्हिडिओवर होता. मागे समरीन उभी, जाडजूड कोट घातलेली, एक हात पोटावर. जमालभाईंनी खुर्ची फोनजवळ ओढली आणि दुकानदारासारखे बसले. तल्हाने एक टायर दाखवला. त्याच्या बाजूवर डोंगराची आणि बर्फाच्या कणाची खूण होती. तिथला माणूस हाच घ्या म्हणत होता.

'अंगठा दाब,' जमालभाई म्हणाले.

तल्हाने दाबला. 'बहुत सॉफ्ट है, अब्बा.'

'बाजूला ठेव. मऊ माल तो. आणि रुंदी बघ त्याची, सायकलला लावायचाय काय? बर्फावर गाडी तरंगायला होवी, रुतायला नाय.' मग त्यांनी दूरवर मांडलेल्या टायरांकडे बोट केलं, जणू ते त्याच खोलीत होते. 'तो मागचा दाखव. मोठ्या नक्षीचा. हां, तो. रबर कडक हाय ना? तो घे. गाडीत बसेल तेवढा रुंद घे.'

तल्हा जरा वेळ कुणाशी तरी इंग्रजीत बोलला. मग म्हणाला, 'अब्बा, ये लोग बोलते हैं कि पतला लेना. चौड़ा नहीं. सॉफ्ट ही चाहिए बोलते हैं.'

भाभी भाकरी करता करता म्हणाल्या, 'अवो, तो तिथला मानूस हाय. त्याला ठावक असेल.'

एवढंच त्या म्हणाल्या. मी तिथेच होतो, त्यांचा आवाजही चढलेला नव्हता. पण जमालभाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हा माणूस रागावला की ओरडत नाही, लहान होतो. मला तर वाटलं आता रडतायत. ते फोनकडे बघून म्हणाले, 'मग त्यालाच विचारायचंस. मला कशाला विचारलंस?'

समरीनने तल्हाच्या बाहीला धरून त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं. ते आम्हाला ऐकू आलं नाही. तल्हाने तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे.

'ठीक है, अब्बा,' तो म्हणाला. 'आप जो बोलेंगे वही.'

जमालभाईंचा चेहरा लगेच उजळला. लहान मुलाचा उजळतो तसा, मागचं काही न ठेवता. फोन ठेवण्याआधी त्यांनी बजावून सांगितलं, 'हवा थोडी कमीच ठेव हां. दुकानवाला भरेल गच्च, तू घरी आलास की सोड. आणि जास्त बर्फ पडला तर आणखी सोड.' तल्हा हो म्हणाला. मी दुसरी भाकरी घेतली. यातलं मला काही कळत नव्हतं, आणि ज्याला कळतं तो माणूस माझ्यासमोर बसला होता.

डिसेंबरात गाडीचा फोटो आला. रुंद टायरांवर ती जुनी गाडी अगदी ऐटीत उभी होती. तल्हाने सांगितलं की ताज्या भुसभुशीत बर्फातून गाडी मस्त जाते, चढसुद्धा चढली. 'फर्स्ट क्लास, अब्बा,' म्हणाला. जमालभाईंनी तो फोटो फोनवर कायमचा लावून ठेवला. आता तल्हा दर एक-दोन दिवसांनी फोन करायचा आणि बापाशीच बोलायचा. वायपर, बॅटरी, ऑइल, काहीबाही विचारायचा. मला तर वाटतं, पोरगा मुद्दाम विचारायचा. त्यालाही बाप मिळाला होता. भाभी मला म्हणाल्या, 'बाळ यायच्या आधीच घरात बाळ आलंय, हेमूभाऊ. बघा कसे नाचतायत.' मुलगी असल्याचं कळलं होतं आणि झोया हे नाव जमालभाईंनीच सुचवलं होतं. तेही तल्हाने मान्य केलं होतं.

जानेवारीत एका सकाळी मी शटर उघडायला आलो, तर जमालभाई माझ्या दुकानासमोरच्या त्यांच्याच टायरांवर बसलेले. दुकान बंद. हातात फोन. मी विचारलं, काय झालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगायला लागले, सावकाश, कुणाची तरी दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

समरीनला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. आदल्या दिवशी तिथे पाऊस पडून गेला होता आणि तो रस्त्यावर तसाच गोठला होता. वर पातळ बर्फ. तल्हाने तिला मागच्या सीटवर झोपवलं आणि निघाला. हळूच चालवत होता. अर्ध्या वाटेवर एक वळण आहे, तिथे त्याने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बर्फात जाऊन बसली. कुणाला खरचटलंही नाही. पण गाडी निघेना, थंडी अशी की बाहेर उभं राहवत नाही, आणि मदतीला निघालेली गाडीसुद्धा त्याच रस्त्याने येणार. ती येईपर्यंत समरीनला रक्तस्राव सुरू झाला होता. हॉस्पिटलात पोचल्यावर समरीन वाचली. बाळाचे ठोके बंद झाले होते.

'जिवंत होती, हेमू,' जमालभाई म्हणाले. 'निघाली तेव्हा पोटात पाय मारत होती. समरीननं सांगितलान.'

मी त्यांच्याशेजारी टायरांवर बसलो. पठाण आला, मल्लू आला, कुणीतरी चहा आणला. जमालभाईंनी तो हातात धरून ठेवला आणि तसाच परत दिला.

झोयाला तिथेच पुरलं. जमीन गोठून दगड झालेली, तिला आधी यंत्राने ऊब द्यावी लागली, तेव्हा खणता आली. तल्हाने ते व्हिडिओवर दाखवलं नाही, जमालभाईंनीही दाखव म्हटलं नाही. भाभींचा व्हिसा त्याच महिन्यात आला. आता कशाला जाऊ म्हणून त्या रडल्या, आणि मग समरीनसाठी म्हणून गेल्या. जमालभाईंना व्हिसाही नव्हता आणि कफीलकडे सुट्टी मागायचं त्यांनी मनातही आणलं नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, म्हणाले.

तोवर त्यांना संशय होता, खात्री नव्हती. तल्हाने पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं, 'अब्बा, बर्फ बहुत था. टायर का कुछ नहीं.' आपणहून सांगितलं, कुणी विचारलं नसताना. जमालभाईंचा संशय सुरू झाला तो तिथेच. त्यांनी टायरचा फोटो मागितला. आयुष्यभर लोक अपघातानंतरचे टायर त्यांच्यापुढे आणून टाकायचे आणि काय झालं ते विचारायचे, तेव्हा एक फोटो पुरला असता. तल्हाने पाठवतो म्हटलं आणि पाठवला नाही. पुन्हा मागितला, पुन्हा पाठवतो म्हणाला.

खात्री एका तुर्की ट्रकवाल्याने करून दिली. माल घेऊन तो जमिनीवरच्या रस्त्याने इतक्या लांब येतो आणि त्याच्या गावाकडे घरांच्या खिडक्यांपर्यंत बर्फ चढतो. पंक्चर काढायला तो थांबला तेव्हा जमालभाईंनी त्याला अरबीत विचारलं, बर्फात कसला टायर लावतात. मी काउंटरवरून ऐकत होतो. अरुंद, तो म्हणाला, म्हणजे बर्फ कापून खालचा रस्ता धरतो. आणि मऊ, कारण कडक रबर थंडीत लाकूड होतं. जमालभाईंनी विचारलं, आणि वाळूचा रुंद टायर लावला तर? ट्रकवाला मनमोकळं हसला. भुसभुशीत बर्फात एखाद्या वेळी फसवून चालेलही, म्हणाला, पण गोठलेल्या रस्त्यावर? ओल्या फरशीवर लाकडी चपला घालून पळून बघ. जमालभाईंनी पुढे विचारलं, आणि हवा कमी केली तर? 'थंडीत हवा आपली आपणच कमी होते, मुअल्लिम,' तो म्हणाला. मुअल्लिम म्हणजे उस्ताद. 'त्यातून आणखी काढलीस तर गाडीला स्टिअरिंग फिरवलेलं कळणारसुद्धा नाही.' पंक्चर झालं, तो हात मिळवून गेला. भला माणूस होता. आपण काय सांगून गेलो याची त्याला कल्पना नव्हती.

जमालभाई दुकानाच्या आत गेले आणि टायरांच्या मागे जमिनीवर बसले. मी गेलो तर म्हणाले, 'तिन्ही, हेमू. तीन गोष्टी सांगितल्या नि तिन्ही उलट्या. एक तरी बरोबर सांगायची होती.'

मी त्यांना म्हटलं, तुम्ही चांगल्यासाठी सांगितलंत. म्हटलं आणि माझी मलाच चीड आली. चांगल्यासाठी सांगितल्याने खड्ड्यातली गाडी बाहेर येत नाही. मी म्हटलं, मरण कुणाच्या हातात नसतं. त्यावर ते म्हणाले, 'मरण नसेल. टायर होता.'

मला त्यांचा रागही येतो, हे लपवून काय उपयोग. बायको समजुतीचं एक वाक्य बोलली होती. ते ऐकलं असतं तर त्यांचं काय कमी होणार होतं? पण मग मला ते शाळेच्या कार्यक्रमातले खिशातले हात आठवतात आणि राग कुणावर धरावा ते कळेनासं होतं. इतकी वर्षं ज्याला कुणी विचारलं नाही त्याला एकदा विचारलं, तर तो नाही कसं म्हणेल?

ते दुकानात यायचे, पण निराळा माणूस येऊन बसायचा. गिऱ्हाईक टायर पुढे करायचं आणि ते म्हणायचे, तुम्हीच बघा, सगळे चांगलेच आहेत. अंगठा दाबायचे नाहीत. कफीलचा मुलगा कुरकुर करू लागला. मी शुक्रवारी त्यांच्याकडे जायचो ते आता डबा घेऊन, कारण भाभी नव्हत्या आणि ते काही शिजवत नसत. जेवतानाही एक घास घेऊन बसून राहायचे. म्हणायचे, 'मी तल्हाची माफी मागितली. इट्स ओके, अब्बा, म्हणाला. फाइन म्हणायचा ना, तसंच. शिवी घातलान असती तर माझ्या पोटात अन्न गेलं असतं.' दुसऱ्या एखाद्या शुक्रवारी म्हणायचे, 'भांडत पण नाय रे माझ्याशी.' तल्हा फोन करायचा, नियमाने करायचा, तब्येत विचारायचा. गाडीबद्दल अवाक्षर काढत नसे. मुलगा पुन्हा हातचा गेला असंच झालं होतं ते, आणि या वेळी जमालभाईंना त्याचं कारण पक्कं ठाऊक होतं.

समरीन मात्र फोनवर येतच नव्हती. ती झोपली आहे, नमाज पढते आहे, दवाखान्यात गेली आहे, असं काहीतरी भाभी सांगायच्या. एप्रिलमध्ये, मी डबा उघडत असताना, फोन वाजला आणि पडद्यावर ती एकटीच होती. मी ओळखलंच नाही आधी. गाल आत गेलेले. मी उठून आत जायला लागलो तर ती म्हणाली, 'बसा, काका. तेव्हा पण तुम्ही होता.' जमालभाई फोन दोन्ही हातांनी धरून बसले होते.

'अब्बा, मला सांगायचंय तुम्हाला,' ती म्हणाली. 'तल्हा नाय सांगणार. दुकानात त्या दिवशी त्यानं पातळ टायर घेऊन ठेवलेले. लावायला सांगून झालेलं. तुम्हाला नुसते दाखवायला फोन लावला, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.'

जमालभाईंनी फोन आणखी जवळ धरला.

'तुम्ही चिडलात. मी तल्हाच्या कानात म्हटलं, हो म्हण आणि हेच घे, अब्बांना इतक्या लांबून काय कळणार. तो म्हणाला, शाळेत असल्यापासून मी अब्बांचं एक पण ऐकलं नाय. हे एक तरी ऐकतो.' तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. 'मला त्याच्यावर रागावता येत नाय. तुमच्यावर येतो. खूप येतो, अब्बा. रोज येतो.'

'येऊ दे, बेटा,' जमालभाई म्हणाले. 'रागाव. मला माफ करू नको.'

'माफीचं नाय बोलत मी. मला काय करायचीय माफी.' ती थांबली. मग एकेक शब्द नीट लावून म्हणाली, 'तो काल म्हणाला, दुसरं घर बघू या, अब्बांना विचारतो कुठलं घ्यावं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून तो आता काय पण विचारेल आणि तुम्ही सांगाल ते करेल. तर तो विचारेल तेव्हा तुम्ही सांगायचं, मला येत नाय. कायम. एवढं द्या मला.'

जमालभाई समोरच्या डब्याकडे बघू लागले. तिने वाट बघितली.

'म्हणा, अब्बा.'

'मला नाय येत,' जमालभाई म्हणाले.

तिने मान हलवली, जेवून घ्या म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी तल्हाचा फोन आला. जमालभाईंनी तो उचलला, घराबद्दलचं त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि माझ्यासमोर त्याला तेच सांगितलं.